पाण्याची खतावणी : अमेरिकेच्या पश्चिमेतील जलहक्कांचा लढा

व्यापारात मालमत्तेची किंमत दोन गोष्टींवर ठरते. वस्तू किती उपयोगाची आहे ही पहिली गोष्ट आणि ती खरोखर कोणाच्या नावे आहे ही दुसरी. पहिलीकडे सर्वांचे लक्ष असते. दुसरीकडे दुर्लक्ष झाले, तर तीन पिढ्यांची भरभराटीची पेढीही एका कागदावाचून अडते, हे जुन्या व्यापारी घराण्यांना सांगावे लागत नाही. जमीन, घर, दुकान यांच्याबाबत हे सर्वमान्य आहे. परंतु वाहत्या पाण्यावरही कुटुंबाचा वारसाहक्क असू शकतो, त्याची खतावणी असू शकते, त्याची खरेदी-विक्री होऊ शकते आणि त्याच पाण्यावर सरकारने दावा सांगितला तर एका सामान्य कुटुंबाला सरकारविरुद्ध न्यायालयात उभे राहावे लागते, हे सहसा ठाऊक नसते. अमेरिकेच्या पश्चिम भागात गेली दीडशे वर्षे हा व्यवहार आणि हा संघर्ष चालू आहे.

आयडाहो राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ओवायही नावाचा एक विस्तीर्ण जिल्हा आहे. रूक्ष पठार, खोल दऱ्या, करड्या रंगाची झुडपे आणि फार थोडा पाऊस. १८६० च्या दशकात तेथे चांदी सापडली, खाणकामगारांची वस्ती वाढली आणि त्यांच्यामागोमाग गुरांचे कळप आले. चांदी संपली, खाणकामगार गेले. गुरे पाळणारी कुटुंबे मात्र राहिली. त्यांच्या खासगी जमिनी ओढ्याकाठी थोड्याथोडक्या होत्या. गुरे चरत ती सरकारी माळरानावर आणि पाणी पीत ती त्या माळरानावरील झऱ्यांचे व ओढ्यांचे. शंभर वर्षांनंतर प्रश्न उभा राहिला : जमीन सरकारची, गुरे खासगी, मग त्या झऱ्याचे पाणी कोणाचे?

जो आधी आला, त्याचा हक्क आधी

या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी त्या प्रदेशाचा जलकायदा थोडक्यात पाहावा लागतो. इंग्लंडमधून आलेला आणि अमेरिकेच्या पूर्व भागात रुजलेला जुना नियम असा होता की, ज्याची जमीन नदीकाठी, त्याला नदीच्या पाण्याचा वापर. पाऊस मुबलक असतो तेथे हा नियम चालतो. पश्चिमेत मात्र पाणी एका दरीत आणि सोन्याची खाण किंवा नांगरण्याजोगी जमीन दुसऱ्या दरीत, अशी स्थिती होती. कॅलिफोर्नियातील खाणकामगारांनी स्वतःच एक रीत घालून घेतली : ज्याने पाणी आधी वळवले आणि कामाला लावले, त्याचा हक्क आधीचा. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८५५ मध्ये या रीतीला मान्यता दिली. १८६६ मध्ये अमेरिकेच्या संसदेनेही कायदा करून, स्थानिक रिवाज व कायद्यांनुसार सरकारी जमिनीवर निर्माण झालेले पाण्याचे हक्क मान्य केले. पुढे १८७७ च्या कायद्याने पडीक सरकारी जमिनीवरील पाणी जनतेच्या वापरासाठी खुले ठेवले. जमीन केंद्र सरकारची असली, तरी तिच्यावरील पाण्याचे वाटप त्या त्या राज्याच्या कायद्याने व्हावे, हा पाया येथे घातला गेला.

या व्यवस्थेत जलहक्काची तीन अंगे असतात. पहिले अंग म्हणजे तारीख. दुष्काळात पाणी सर्वांना सारखे कमी होत नाही; ज्याची तारीख सर्वांत जुनी, त्याला त्याचे पूर्ण पाणी मिळते आणि सर्वांत नव्या हक्कदाराचे पाट प्रथम कोरडे पडतात. दुसरे अंग म्हणजे उपयुक्त वापर. शेती, गुरे, गिरणी, खाण, घरगुती गरज अशा कोणत्यातरी खऱ्या कामासाठी पाणी वापरले पाहिजे. नुसते अडवून ठेवल्याने हक्क निर्माण होत नाही. तिसरे अंग म्हणजे सातत्य. वर्षानुवर्षे वापर सोडून दिल्यास हक्क गमावण्याचा धोका असतो. घेणेकऱ्यांच्या यादीत ज्याचा बोजा आधी नोंदला त्याची वसुली आधी, हा नियम जाणणाऱ्या वाचकांना ही रचना अपरिचित वाटणार नाही.

मोठ्या जमीनमालकाचा दावा

पश्चिमेतील राज्यांत केंद्र सरकार हाच सर्वांत मोठा जमीनमालक आहे. नेव्हाडा राज्याची सुमारे ८० टक्के आणि आयडाहोची ६० टक्क्यांहून अधिक जमीन केंद्राच्या ताब्यात आहे. माळराने भूव्यवस्थापन विभागाकडे आणि जंगले वनसेवेकडे आहेत. १९३४ च्या टेलर चराई कायद्यानंतर या माळरानांवर गुरे चारण्यासाठी परवाना व शुल्क लागू झाले. त्याच कायद्यात, आधीपासून असलेल्या पाण्याच्या हक्कांना बाधा येणार नाही, असेही स्पष्ट लिहिले होते.

१९८७ मध्ये आयडाहोने स्नेक नदीच्या खोऱ्यातील सर्व जलहक्कांची न्यायालयीन निश्चिती सुरू केली. राज्याच्या बहुतांश भागावर पसरलेल्या या खोऱ्यात ज्याचा ज्याचा पाण्यावर हक्क असेल, त्याने तो पुराव्यानिशी मांडावा, असे हे काम होते. केंद्र सरकारलाही त्यातून सुटका नव्हती. नेव्हाडाचे सिनेटर पॅट मॅकॅरन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९५२ च्या दुरुस्तीमुळे अशा सर्वसमावेशक निश्चितीत केंद्राला राज्याच्या न्यायालयात इतर हक्कदारांबरोबर पक्षकार व्हावे लागते. त्यानुसार सरकारी विभागांनी दावे दाखल केले आणि त्यांत गुरांच्या पिण्याच्या पाण्याचे हजारो दावे होते. ज्या झऱ्यांवर ओवायहीतील कुटुंबांची गुरे पणजोबांच्या काळापासून पाणी पीत होती, त्याच झऱ्यांवर आता सरकारचे नाव चढू पाहत होते.

सरकारचा युक्तिवाद वरकरणी साधा होता. माळरान आमचे, चराईची व्यवस्था आमची, परवाना आमचा; म्हणून परवानाधारकाच्या गुरांनी प्यायलेल्या पाण्यातून निर्माण होणारा हक्कही आमचा. अनेक पशुपालकांना या कज्ज्याचा खर्च पेलणारा नव्हता. दोन कुटुंबांच्या संस्थांनी मात्र माघार घेतली नाही. त्यांतील जॉइस लाइव्हस्टॉक या संस्थेचे प्रकरण आयडाहोच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि २००७ मध्ये निकाल लागला.

न्यायालयाने तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, ओढ्यातून पाट काढला नाही, बांध घातला नाही, तरी गुरांनी ओढ्यावर येऊन पाणी पिणे हाही पाण्याचा उपयुक्त वापर आहे. आयडाहोत १९७१ पूर्वी अशा वापराने अर्जाविनाही हक्क निर्माण होत असे. त्यामुळे जुन्या पिढ्यांनी कार्यालयात अर्ज केला नव्हता, एवढ्यावरून त्यांचा हक्क नाहीसा होत नाही. दुसरी, हा हक्क त्या कुटुंबांच्या खासगी जमिनीशी संलग्न आहे. जुन्या खरेदीखतांत पाण्याचा उल्लेख नसला, तरी विक्रेत्याने तो राखून ठेवलेला नसेल तर जमिनीबरोबर पाण्याचा हक्कही पुढच्या मालकाकडे गेला. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, सरकारने स्वतः गुरे पाळली नाहीत, स्वतः पाणी वापरले नाही आणि पशुपालक हे सरकारचे मुनीम किंवा अडते नव्हते. म्हणून त्यांच्या वापरातून सरकारचा हक्क निर्माण होत नाही.

निकाल कुटुंबांच्या बाजूने लागला. पण जिंकण्याचीही किंमत होती. दोन्ही संस्थांचे लक्षावधी डॉलर या कज्ज्यात खर्ची पडले आणि वकिलांच्या खर्चाची भरपाई त्यांना मिळाली नाही. सरकारी पक्षाचा खर्च करदात्यांच्या पैशातून झाला. कुटुंबाचा खर्च स्वतःच्या खिशातून. ज्यांनी खर्च परवडत नाही म्हणून दावा सोडला किंवा लढलाच नाही, त्यांच्या वाट्याला हा निकाल उशिरा आला. खोऱ्याची निश्चिती २०१४ मध्ये पूर्ण झाली तेव्हा दीड लाखांहून अधिक हक्कांची नोंद झाली होती. २०१७ मध्ये आयडाहोच्या विधिमंडळाने जॉइस निकालाचे तत्त्व कायद्यात उतरवले : ज्याच्याकडे गुरे नाहीत, त्या केंद्रीय विभागाला गुरांच्या पाण्याचा हक्क मिळवता येणार नाही. त्यानंतरच्या काही तरतुदींना केंद्राने २०२२ मध्ये न्यायालयात आव्हान दिले. एक निकाल लागला म्हणून असे वाद संपत नाहीत.

परवान्याच्या अटीतून मालकी

हक्कावर थेट दावा सांगणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग अधिक शांत असतो आणि व्यापाऱ्यांना तो अधिक परिचित असतो : परवान्याच्या नूतनीकरणात एक नवी अट घालणे.

अमेरिकेतील शंभरावर बर्फ-क्रीडाकेंद्रे वनसेवेच्या जमिनीवर परवान्याने चालतात. कोलोरॅडोसारख्या राज्यात हिमवृष्टी कमी झाली की यंत्राने बर्फ तयार करावे लागते आणि त्यासाठी पाणी लागते. या केंद्रांनी राज्याच्या कायद्यानुसार, स्वतःच्या पैशाने, जलहक्क विकत घेतले होते. २०११ मध्ये वनसेवेने परवान्यात नवे कलम आणले. या केंद्रांशी निगडित काही जलहक्क सरकारच्या नावे करून द्यावेत, असा त्याचा आशय होता. परवाना हवा असेल तर सही करा, अशी ही स्थिती. बँकेने जलहक्क तारण मानून कर्ज दिले असेल, तर त्या तारणाचे काय, असा प्रश्न त्यातून सहज उभा राहतो.

क्रीडाकेंद्रांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१२ मध्ये दावा केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कोलोरॅडोच्या केंद्रीय जिल्हा न्यायालयाने ते कलम रद्द ठरवले. निकालाचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. मालकीच्या मूळ प्रश्नाचा निवाडा न्यायालयाने केला नाही. सरकारने जनतेला पूर्वसूचना देऊन हरकती न मागवता नियम लादला, लहान व्यवसायांवरील परिणाम तपासला नाही, म्हणून तो टिकला नाही. याच पार्श्वभूमीवर कोलोरॅडोचे प्रतिनिधी स्कॉट टिप्टन यांनी जलहक्क संरक्षण विधेयक मांडले. परवाना देताना खासगी जलहक्क सरकारला हस्तांतरित करण्याची अट घालू नये, हा त्याचा गाभा. प्रतिनिधीगृहाने ते मार्च २०१४ मध्ये संमत केले. सिनेटमध्ये मात्र ते पुढे सरकले नाही. त्याच वर्षी वनसेवेने भूजलाविषयीही एक धोरण प्रस्तावित केले. त्यास राज्यांनी व शेतकरी संघटनांनी हरकती घेतल्या आणि २०१५ मध्ये ते मागे घेण्यात आले.

वनसेवेची चिंताही निराधार नव्हती. एखाद्या केंद्राने पाणी शहराला विकून टाकले, तर सार्वजनिक जमिनीवरील तो सारा व्यवसाय कोरडा पडेल आणि पुढच्या परवानाधारकासाठी काहीच उरणार नाही. २०१५ च्या अखेरीस जे अंतिम कलम आले, त्यात या चिंतेचे उत्तर वेगळ्या रीतीने शोधले गेले. मालकी सरकारला देण्याची सक्ती सोडली गेली. केंद्र चालवण्यास पुरेसे पाणी उपलब्ध असल्याचे दाखवण्याची जबाबदारी परवानाधारकावर ठेवली गेली. हेतू साधला आणि मालमत्ताही राहिली. हरकती मागवून, ऐकून नियम केला की असा मार्ग सापडण्याची शक्यता वाढते.

एका अपयशाचा धडा

प्रत्येक लढा यशस्वी झाला, असे मात्र नाही. नेव्हाडातील हेज कुटुंबाने १९९१ मध्ये केंद्र सरकारविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा लावला. झऱ्यांभोवती कुंपणे घालून आणि जुन्या पाटांची दुरुस्ती अडवून सरकारने आपले पाणी हिरावले, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकेच्या संविधानाच्या पाचव्या दुरुस्तीनुसार खासगी मालमत्ता सार्वजनिक कामासाठी घ्यायची असल्यास सरकारला योग्य मोबदला द्यावा लागतो. सतरा वर्षांनी, २००८ मध्ये, न्यायालयाने सुमारे ४२ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. मूळ दावेदार वेन हेज २००६ मध्येच निवर्तले होते. आणि २०१२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरवला.

कारणे मोठी बोलकी आहेत. पाटांच्या दुरुस्तीसाठी यंत्रे न्यायची तर वनसेवेचा परवाना लागत होता. कुटुंबाने तो मागितलाच नव्हता, म्हणून तो नाकारला गेला असे म्हणता येईना. कुंपणामुळे जे पाणी मिळाले नाही, ते आपण उपयुक्त कामाला लावू शकलो असतो, याचा पुरावाही पुरेसा ठरला नाही. न दिलेला अर्ज आणि न ठेवलेली नोंद, एवढ्या गोष्टींनी दोन दशकांची लढाई फिरली. अन्याय झाल्याची भावना कितीही तीव्र असली, तरी न्यायालयापुढे वही उघडावी लागते.

जेथे सरकारचा दावा न्याय्य ठरतो

केंद्राचा प्रत्येक दावा अतिक्रमण असतो, असे मानणे चूक ठरेल. मोंटाना राज्यात १८८८ मध्ये फोर्ट बेल्कनॅप येथे आदिवासींसाठी भूभाग राखून ठेवला गेला. पुढे वरच्या बाजूच्या वसाहतकारांनी मिल्क नदीचे पाणी वळवले. १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘विंटर्स’ प्रकरणात सांगितले की, ज्या हेतूने जमीन राखली, त्या हेतूला लागणारे पाणीही तिच्याबरोबर राखले गेले. पाण्याविना जमीन देणे म्हणजे रिकामी पेटी देण्यासारखे आहे, हे तत्त्व त्यातून उभे राहिले.

१९२६ मध्ये केंद्राने सार्वजनिक माळरानावरील झरे व पाणवठे राखीव केले. एखाद्याने एकच झरा बळकावून त्याच्या जोरावर मैलोन्‌मैल कुरणावर मक्तेदारी करू नये, हा त्यामागचा हेतू होता. त्या आदेशातून मिळालेले सरकारचे हक्क आयडाहोच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९८ मध्ये मान्य केले आहेत. खासगी हक्काचे रक्षण म्हणजे बलाढ्य माणसाला शेजाऱ्याची तहान विकण्याची मुभा नव्हे.

याची कसोटी क्लॅमथ खोऱ्यात लागली. ओरेगन आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवरील या खोऱ्यात २००१ च्या दुष्काळात, संकटग्रस्त माशांच्या रक्षणासाठी, केंद्राने हजारावर शेतांचे कालव्याचे पाणी हंगामाच्या सुरुवातीलाच बंद केले. पिके गेली आणि शेतकऱ्यांनी भरपाईचा दावा केला. त्याचा अंतिम निकाल २०१९ मध्ये लागला आणि तो शेतकऱ्यांच्या विरुद्ध गेला. नदीत मासे राहावेत एवढे पाणी ठेवण्याचा आदिवासी जमातींचा हक्क १८६४ च्या कराराच्याही आधीचा, स्मरणातीत काळापासूनचा होता. कालव्याची योजना १९०५ ची. ज्या नियमाने ओवायहीतील पशुपालकांचे रक्षण केले, त्याच नियमाने क्लॅमथचे शेतकरी हरले. ज्याची तारीख आधीची, त्याचे पाणी आधी. नियम आपल्याविरुद्ध गेला तरी तो मानणे, हीच त्याच्यावरील श्रद्धेची परीक्षा.

सरकारच्या हक्काची मर्यादा १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यू मेक्सिकोतील गिला राष्ट्रीय वनाच्या प्रकरणात आखून दिली. वने राखली गेली ती लाकडाच्या पुरवठ्यासाठी आणि जलप्रवाह अनुकूल राहावेत म्हणून; तेवढ्यापुरते पाणी त्यांच्याबरोबर राखले गेले. गुरांचे पिणे, पर्यटन, सौंदर्य अशा इतर हेतूंसाठी पाणी हवे असेल, तर सरकारने इतर कोणत्याही अर्जदाराप्रमाणे राज्याच्या कायद्याने ते मिळवावे. सरकार रांगेच्या बाहेर नाही. रांगेत त्याचीही एक जागा आहे.

हक्क कशाने टिकतो

या साऱ्या प्रकरणांतून काही व्यावहारिक सूत्रे हाती येतात. वापर अखंड ठेवावा. न वापरलेला हक्क दुबळा होतो. वापराची नोंद ठेवावी. किती गुरे, कोणता झरा, कोणता महिना, हे साधे टिपण पन्नास वर्षांनी साक्षीदार होते. जमीन घेताना वा वाटणी करताना पाण्याचा उल्लेख खतात स्पष्ट करावा. जॉइस प्रकरणात न्यायालयाने मौन खरेदीदाराच्या बाजूने वाचले, पण प्रत्येक वेळी तसे होईलच असे नाही. परवान्याच्या नूतनीकरणातील प्रत्येक नवे कलम सही करण्यापूर्वी वाचावे. हरकतीची मुदत चुकवू नये आणि अर्ज करण्याची सोय असेल तर आधी अर्ज करावा. एकट्याने न पेलणारा खर्च संघटनेने उचलावा; क्रीडाकेंद्रे संघटित होती म्हणून वर्षभरात निकाल मिळाला, पशुपालक विखुरलेले होते म्हणून दोघांनी सर्वांचा भार वाहिला.

ओवायहीच्या पठारावर उन्हाळ्यात आजही गुरे त्याच झऱ्यांवर उतरतात. पाणी तेच आहे, वाटही तीच आहे. फरक एवढाच की, पूर्वी जे सर्व शेजाऱ्यांना तोंडी ठाऊक होते, ते आता न्यायालयाच्या हुकूमनाम्यात तारखेसह लिहिलेले आहे. त्या एका ओळीसाठी दोन कुटुंबांनी आपली मोठी पुंजी ओतली. पुढच्या पिढीला मिळालेल्या वारशात गुरे आहेत, कुरण आहे. आणि ज्याच्यावाचून या दोहोंना काही मोल उरले नसते, त्या पाण्याची नोंदही आहे.